पासआउट म्हणालीस, त्यात काय?

मनू,

काल रात्री फोनवर तू रडत होतीस तेव्हा मी फारसं बोलले नाही. रडणाऱ्या माणसाला व्याकरण सांगत बसू नये. आज कॉलेजातले तास लवकर आटोपले, बाबा सिव्हिक सेंटरकडे फेरी मारायला गेलेत, आई भजनाला गेलीय. घरात सामसूम आहे. फोनवर जे राहिलं ते आता सविस्तर लिहिते. सगळं वाच आणि मग हवं तर भांड माझ्याशी.

मुलाखतीत पलीकडे अमेरिकेतले एक वडीलधारे गृहस्थ होते आणि बंगळुरूचा एक आपला माणूस होता. ओळख करून देताना तू म्हणालीस, 'आय पास्ड आउट इन २०२२.' त्या गृहस्थांनी काळजीच्या सुरात विचारलं, आता तब्येत बरी आहे ना? आणि आपला माणूस हसला. घडलं ते एवढंच. पण त्या हसण्यानंतर तुझी बोबडी वळली, येत होती ती उत्तरंही अर्धवट गेली. गुरुवारी दुसरी फेरी आहे आणि तू म्हणतेस, 'ताई, मी बसतच नाही. माझं इंग्लिश भिलाईचं आहे.'

भिलाईचं आहे, खरंच आहे. त्याबद्दलच मला बोलायचंय.

आधी शब्दाचं बघू. अमेरिकेत आणि इंग्लंडात रोजच्या बोलण्यात 'पास आउट' म्हणजे शुद्ध हरपणं. उन्हानं, उपाशीपोटी, रक्त पाहून, तापात. आणि पुष्कळदा दारू जास्त झाल्यामुळे. हा बोलीतला शब्द आहे. डॉक्टर आपल्या कागदावर तो सहसा लिहिणार नाही, पण रोग्याची बायको डॉक्टरला सांगताना नेमका हाच वापरेल. तू वाक्यात नुसतं साल सांगितलंस, कॉलेजचं नाव नंतर आलं. त्यामुळे त्या गृहस्थांना वाटलं असणार की २०२२ मध्ये या मुलीला काहीतरी मोठं दुखणं होऊन गेलं. त्यांनी मनापासून चौकशी केली. ती थट्टा नव्हती. तू त्या दोघांना एकाच पारड्यात घातलंयस, ते आधी वेगळं कर.

दुसरा अर्थ ब्रिटिश सैन्यातला. लष्करी संस्थेतलं प्रशिक्षण पुरं करून कॅडेट बाहेर पडतो, त्यालाही 'पास आउट' म्हणतात. ऑक्सफर्डचा शिकणाऱ्यांसाठीचा कोश उघड, हे दोन्ही अर्थ तिथे शेजारी शेजारी दिलेले दिसतील. तू राहतेस त्याच पुण्यात, खडकवासल्याच्या एनडीएत, ३० मे २०२५ ला १४८ व्या तुकडीची पासिंग आउट परेड झाली. त्या तुकडीत पहिल्यांदाच मुली होत्या, सतरा जणी. मराठी वर्तमानपत्रं त्याला दीक्षांत संचलन म्हणतात, पण कॅडेटच्या घरचे लोक 'पीओपीला जायचंय' असंच म्हणतात. त्या सतरा मुली पास आउट झाल्या, हे वाक्य लंडनमधल्या कुठल्याही लष्करी अधिकाऱ्याला बरोबर कळेल. म्हणजे तुझ्या तोंडातला शब्द कुण्या गावठी शिकवणीतून आलेला नाही. तो पलटणीतला शब्द आहे, फक्त आपण त्याचा गणवेश उतरवून त्याला कॉलेजात आणलंय.

आणि आणला तो उगाच नाही. 'पास' हा शब्द आपल्याकडे आजोबांच्या काळापासून घरातलाच आहे. मॅट्रिक पास, नॉनमॅट्रिक, आठवी पास. आणि शिक्षण संपलं की आपण काय म्हणतो? 'इंजिनिअरिंग करून बाहेर पडली.' हिंदीत 'कॉलेज से निकल गई'. पास होऊन बाहेर पडणं, दोन्ही गोष्टी त्या दोन लहान शब्दांत बसल्या. माझ्या मते तो इतका रुळला तो यामुळे. बेशुद्ध होण्याला आपल्याकडे शब्दांची कमतरता कधीच नव्हती. भोवळ आली, चक्कर येऊन पडला, बेहोश हो गया. बाबा पोलाद कारखान्यात कोक ओव्हनमध्ये होते तेव्हा जून महिन्यात कुणी ना कुणी गरमीनं पडायचंच, आणि घरी येऊन बाबा 'आज एक जण चक्कर येऊन पडला' म्हणायचे. त्या अर्थानं इंग्रजी शब्द आपल्याला कधी लागलाच नाही, म्हणून तो अर्थ आपल्या कानावर पडला नाही. तू तो शिकली नाहीस, कारण तुला तो शिकायचं कारण पडलं नाही.

आमच्या कॉलेजच्या फलकावर, जिन्याच्या डाव्या बाजूला, सध्या एक कागद लावलाय. प्लास्टिकमध्ये घालून, चारी कोपऱ्यांना सेलोटेप. वर कंपनीचं नाव, खाली जागा, पगार, आणि शेवटी ठळक अक्षरांत: '२०२४ अँड २०२५ पासआउट्स ओन्ली.' कंपनीनं स्वतः पाठवलेली ती जाहिरात आहे. अशा जाहिराती मी दर हंगामात बघते, मोठमोठ्या कंपन्यांच्या. म्हणजे भरतीच्या कागदावर तो शब्द चालतो, भरतीला आलेल्या मुलीच्या तोंडी आला की हसू येतं. तुझ्या मुलाखतीतला तो हसणारा माणूस स्वतः कुठून तरी पासआउटच असेल, मनू. त्याला अर्थ माहीत होता. त्यानं एक वाक्य बोलून दोन्ही बाजूंचा गैरसमज दूर करायला हवा होता, ते त्याचं काम होतं. केलं नाही. त्याचं उणं तू तुझ्या अंगाला लावून घेऊ नकोस.

आता तुझ्या 'भिलाईच्या इंग्लिश'बद्दल. तुला ते लाज वाटावी असं का वाटतं, हे मला कळतं, पण पटत नाही.

आपलं गाव कसं वसलं ते जरा आठव. २ फेब्रुवारी १९५५ ला दिल्लीत सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि दुर्गजवळच्या भातशेतीच्या पट्ट्यात कारखाना उभा राहायला लागला. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन केलं. त्या चार वर्षांत इथे कोण कोण आलं! केरळचे, आंध्रचे, बंगालचे, पंजाबचे, ओडिशाचे, बिहारचे, आणि आपल्यासारखे भंडारा-गोंदियाचे. वर रशियन तज्ज्ञ आणि त्यांचे दुभाषे. भिलाईला लघु भारत म्हणतात ते उगीच नाही. अशा ठिकाणी एकमेकांशी बोलायला जी इंग्रजी तयार झाली, तिला शेक्सपिअर येत नसला तरी तिच्यावर भट्टी चालली. रेल्वेचे लांबच लांब रूळ इथून जातात, त्यांच्या रेखाचित्रांवरच्या सूचना, शिफ्टच्या नोंदी, फायलींवरचे शेरे, सगळं याच इंग्रजीत झालं.

बाबांचंच घे ना. शेवटची काही वर्षं ते ऑफिसात बसायचे. 'फाईल पुट अप केली', 'साहेबांनी पुट अप करायला सांगितलंय', रोज जेवताना हेच. सरकारी कचेरीत 'पुट अप' म्हणजे कागद वरच्या साहेबांपुढे निर्णयासाठी ठेवणं. शेजारच्या क्वार्टरमधले मल्याळी काका नवीन माणूस भेटला की विचारायचे, 'व्हेअर आर यू पुट अप?' म्हणजे राहायला कुठे आहात. आणि सेक्टर १० च्या शाळेत आम्हाला इंग्रजीच्या बाईंनी शिकवलं 'पुट अप विथ', म्हणजे सहन करणं, खपवून घेणं. एकाच क्रियापदाची एवढी रूपं एकाच कॉलनीत ऐकत आपण मोठ्या झालो, आणि कधी गोंधळलो नाही. कारण कोण बोलतंय आणि कशाबद्दल बोलतंय हे समोर दिसत होतं. तुझ्या मुलाखतीत ते दिसत नव्हतं. पडद्यावर दोन चौकोन होते आणि मधे अर्धी पृथ्वी.

या शब्दांचं दुखणं नवं नाही आणि आपलं एकट्यांचंही नाही. सॅम्युअल जॉन्सननं १७५५ मध्ये इंग्रजीचा मोठा कोश काढला. त्याच्या प्रस्तावनेत त्यानं सरळ लिहिलंय की साध्या क्रियापदामागे एखादा लहान शब्द लावून जे अर्थ तयार होतात, ते परकीयांना सगळ्यांत जास्त अवघड जातात. म्हणून त्यानं ते फार काळजीनं गोळा केले. 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव तर त्यानंतर कितीतरी वर्षांनी, लोगन पिअर्सल स्मिथच्या १९२५ च्या पुस्तकातून रूढ झालं. म्हणजे इंग्रज लोक शेकडो वर्षं हे बोलत होते आणि त्यांच्याकडे त्याला धड नावही नव्हतं. आपणही मराठीत तसंच करतो, फक्त लक्षात येत नाही. 'तू हे काय केलंस' आणि 'तू हे काय करून बसलीस' यात किती अंतर आहे बघ. दुसऱ्यात आईचा कपाळावर मारलेला हात ऐकू येतो. 'दिलं' वेगळं, 'देऊन टाकलं' वेगळं, 'देऊन ठेवलं' आणखी वेगळं. मल्याळी काकू वीस वर्षं आपल्याशी मराठी बोलल्या, पण 'टाकणं' आणि 'ठेवणं' यांत शेवटपर्यंत घोटाळायच्या. आपण हसलो का त्यांना? त्या 'मी पैसे देऊन ठेवले' म्हणाल्या की आई शांतपणे विचारायची, 'देऊन टाकले ना?' आणि गप्पा पुढे चालू.

आता एक गोष्ट लिहिते. ती तुला आवडणार नाही.

तू पुण्याला गेलीस त्या पहिल्या दिवाळीला घरी आलीस आणि आजी म्हणाली, 'काय करून राहिली वं पोरी?' तू तिला म्हणालीस, 'आजी, करून राहिली नाही म्हणत. काय करतेयस म्हणतात.' आजी गप्प बसली. तुझ्या खोलीतल्या मुली 'करून राहिली' ऐकून हसतात, हे तू मला नंतर सांगितलंस. तेव्हापासून फोनवरसुद्धा तू माझ्याशी पुण्याचं मराठी बोलतेस. बोल, मला त्याचं वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की आपलं तू चूक ठरवून टाकलंस. 'करून राहिली' हे सगळ्या पूर्व विदर्भाचं बोलणं आहे. नागपूर, भंडारा, गोंदिया, तिथून आपल्या दुर्ग-राजनांदगावपर्यंत. हिंदीशी पिढ्यान्‌पिढ्या शेजार असलेल्या मराठीचं ते रूप आहे. भोसल्यांच्या काळापासून इकडे मराठी घरं आहेत. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर आणि दुर्ग एकाच प्रांतात होते. सरहद्द नंतर आली, बोलणं आधीचं आहे.

त्या दिवशी पुण्याच्या मुलींनी 'करून राहिली'ला जे केलं, तेच परवा त्या माणसानं 'पास आउट'ला केलं. आणि दोन्ही वेळा तू हसणाऱ्यांच्या बाजूला गेलीस, स्वतःच्या विरुद्ध. मला काळजी आहे ती याची. इंग्रजीची मला काळजी नाही, ती तू शिकशील.

आपल्या या पट्ट्यानं दुसऱ्यांच्या भाषा किती आपल्याशा केल्यात बघ. माधवराव सप्रे घरचे मराठी. त्यांनी १९०० मध्ये पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढलं, पुढे टिळकांचं गीतारहस्य हिंदीत नेलं. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय कॉलेजात शिकवायला आले. घरात मराठी, सख्खा भाऊ शरच्चंद्र मराठीतला कवी, आणि हे हिंदीतले एवढे मोठे कवी. ते राहायचे तो तळ्याकाठचा वाडा आपण शाळेच्या सहलीत पाहिलाय. त्यांची हिंदी बनारसची नव्हती. म्हणून ती कमी झाली नाही.

इंग्रजीबद्दलही अभ्यासकांनी हे मांडून ठेवलंय. ब्रज काचरू हे काश्मीरचे भाषाशास्त्रज्ञ, अमेरिकेत इलिनॉयला शिकवायचे. त्यांचं 'द इंडियनायझेशन ऑफ इंग्लिश' १९८३ मध्ये आलं. भारतातली इंग्रजी म्हणजे चुकलेली ब्रिटिश इंग्रजी नव्हे, इथल्या माणसांनी इथल्या गरजांसाठी घडवलेली ती एक वेगळी तऱ्हा आहे, हा त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचा गाभा. आणि मुळात 'बरोबर' इंग्रजी तरी एक कुठे आहे? आपण अर्ज 'फिल अप' करतो. इंग्रज तो 'फिल इन' करतो. अमेरिकन 'फिल आउट' करतो. तिघांचाही अर्ज भरला जातो. अमेरिकेत वर्गात मास्तर प्रश्नपत्रिका 'पास आउट' करतात, म्हणजे वाटतात, हा तुझ्या शब्दाचा आणखी एक अर्थ. मग तिथे 'टीचर पास्ड आउट' एवढंच अर्धवट कानावर पडलं, तर त्यांच्यातल्याच माणसाला पुढचा शब्द ऐकेपर्यंत कळणार नाही की मास्तर पडले की पेपर वाटले.

पण आता मी तुझी ताई म्हणून दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तू म्हणशील की ताई नुसती गोंजारते.

शब्द चुकीचा नसला तरी समोरच्याला कळला पाहिजे. त्याला कळावं म्हणून शब्द बदलणं यात कमीपणा नाही. आजी बहिरी झाल्यापासून आपण तिच्याशी मोठ्यानं बोलतो, तसंच हे. म्हणून परदेशी माणूस समोर असला की 'पास आउट' बाजूला ठेव. 'आय ग्रॅज्युएटेड इन २०२२' म्हण. किंवा आणखी सोपं, 'आय डिड माय बी.टेक. इन दुर्ग, अँड फिनिश्ड इन २०२२.' अर्जात तर क्रियापदच नको. पदवी, कॉलेज, गाव, साल. भिलाईत, पुण्यात, कँटीनमध्ये, तुझ्या बॅचच्या ग्रुपवर बिनधास्त पासआउट म्हण. तिथे 'ग्रॅज्युएट' म्हणालीस तर तेच परकं वाटेल.

दुसरी एक जागा तुला सांभाळायला हवी, ती मला या निमित्तानं आठवली. तू बारावीनंतर एक वर्ष ड्रॉप घेतला होतास. भिलाईत अर्धी मुलं ड्रॉपर असतात, जेईईसाठी वर्ष देणं इथे सगळ्यांना समजतं. पण 'आय टुक अ ड्रॉप' म्हणालीस तर बाहेरच्याला काहीच कळणार नाही, आणि 'आय ड्रॉप्ड' म्हणालीस तर त्याला 'ड्रॉप्ड आउट' ऐकू येईल, म्हणजे शिक्षण सोडलं. तुझ्या मेहनतीच्या वर्षाचा अगदी उलटा अर्थ. म्हणून पुरं वाक्य सांग: बारावीनंतर एक वर्ष इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेची तयारी केली. तिसऱ्या सत्रातल्या त्या 'बॅक'बद्दल कुणी विचारलं तर 'आय हॅड अ बॅक' म्हणू नकोस, त्यांना पाठदुखी वाटेल. एका विषयात नापास झाले होते, पुढच्या वेळी सुटला, एवढं सरळ सांग. नापास शब्दाला घाबरू नकोस, विषय सुटलाय तो.

आणि 'कोप अप विथ' म्हणायची तुझी सवय आहे. नुसतं 'कोप विथ'. तो 'अप' आपण 'कीप अप विथ'मधून उचललाय असं मला वाटतं. यात गैरसमज होत नाही, त्यामुळे निसटला तर निसटू दे. वाक्य मधेच तोडून दुरुस्ती करत बसू नकोस. माझ्या वर्गात मुलं अशा दुरुस्त्यांतच बुडतात.

वर्गावरून सांगते. या वर्षी दल्ली-राजहऱ्याची एक मुलगी आहे, वडील खाणीत. पहिल्या दिवशी उभी राहिली आणि एका श्वासात म्हणाली, 'मायसेल्फ अमुक, आय हॅव पास्ड आउट माय ट्वेल्थ फ्रॉम राजहरा.' मागच्या बाकावरून खसखस पिकली. मी तिला थांबवलं नाही. पुढे विचारलं, राजहऱ्याला काय काय आहे? मग ती बोलायला लागली. तांबडी माती, खाणीचा भोंगा, लोहखनिज घेऊन भिलाईला येणारी मालगाडी, पावसाळ्यात लाल होणारं पाणी. व्याकरण दर दुसऱ्या वाक्याला घसरत होतं, पण वर्ग ऐकत होता. मागचा बाकसुद्धा. तास संपल्यावर मी तिच्या वहीत दोन वाक्यं लिहून दिली, तिनं म्हटलेलं वर आणि बाहेरच्या माणसाला सांगायचं खाली. वरच्यावर काट मारली नाही. मी कुणाच्याच वहीत मारत नाही. वर लिहिते 'घरी', खाली लिहिते 'बाहेर'.

तूही अशी वही कर. बाजारात मिळणारी ती जाड पुस्तकं, हजार फ्रेझल व्हर्ब्जची, ती घेऊ नकोस. 'पास अवे', 'पास ऑन', 'पास अप', 'पास ऑफ' असं ओळीनं पाठ केलं की सगळं एकमेकांत मिसळतं, आणि ऐन वेळी नको ते तोंडात येतं. अख्खं वाक्य ऐक आणि अख्खंच लिही. कोण, कुणाला, कुठे म्हणालं तेही लिही. 'पास अवे' कुणाच्या तरी निधनाच्या बातमीत ऐकशील तेव्हा आपोआप कायमचं बसेल. आणि जोर कुठे येतो ते ऐक. अशा क्रियापदात जोर बहुधा मागच्या लहान शब्दावर असतो, 'पास आउट' म्हणताना 'आउट'वर. आपण भिलाईकर पहिल्यावर देतो, पासआउट एक नाम असल्यासारखं. नाम म्हणून ते ठीकच आहे, 'ड्रॉपआउट'मध्ये तेही पहिल्यावरच देतात.

आता गुरुवारचं. ते गृहस्थ पुन्हा असतील असं तू म्हणालीस. सुरुवातीलाच, त्यांनी विचारायची वाट न बघता, हसून सांग: गेल्या वेळी मी म्हटलं होतं ते, भारतात 'पास आउट' म्हणजे पदवी घेणं, माझी तब्येत उत्तम आहे, विचारल्याबद्दल आभार. इंग्रजीत हे तीन छोटी वाक्यं होतात. 'सॉरी' म्हणू नकोस, सॉरी म्हणण्यासारखं काही घडलेलं नाही. त्यांनाही हायसं वाटेल, कारण काहीतरी गोंधळ झाला हे त्यांच्याही लक्षात आलं असणार. आणि तो दुसरा असला तर त्याच्याकडेही बघून बोल. तो हसलाच तर हसू दे, तू पुढच्या प्रश्नावर जा. प्रश्न तुझ्या कामाबद्दल असतील, आणि तुझं काम तुला त्या दोघांपेक्षा जास्त माहीत आहे.

बुधवारी रात्री जेवण झाल्यावर फोन लाव. मी ते गृहस्थ होईन, बाबा तो हसणारा माणूस होतील, त्यांना मी आधीच सांगून ठेवलंय. तुझा अर्जही मेलवर पाठव, पदवीची ओळ मी नीट करून देते. आणि आजीशी दोन मिनिटं बोल. ती रोज विचारते, मनू काय करून राहिली म्हणून.

तुझी
ताई